पॅनक्रियाटायटिसमधला धमनीचा रक्तस्राव: या चुका टाळा

पॅनक्रियाटायटिस म्हणजे स्वादुपिंडाला आलेली सूज. आजाराचा तिसरा आठवडा. ताप उतरलाय, रुग्ण थोडं थोडं खायला लागलाय. संध्याकाळी ड्रेनच्या (पोटात साठलेला द्रव बाहेर काढणाऱ्या नळीच्या) पिशवीत ५०-६० मिली लाल पाणी दिसतं. नाडी ८८ वरून १०८ वर गेलेली, रक्तदाब ११८/७६, हिमोग्लोबिन ९.८. कुणीतरी म्हणतं, "नळी आत घासली असेल, फ्लश करा, सकाळी बघू." फ्लश केल्यावर पाणी स्वच्छ येतं आणि सगळे निर्धास्त होतात. पहाटे पिशवी ताज्या रक्तानं भरते, वरचा रक्तदाब ६० वर येतो आणि रुग्णाला सीटीपर्यंत नेण्याचीही सोय उरत नाही.

या घटनाक्रमात नवीन काही नाही, म्हणूनच त्याची चीड येते. स्वादुपिंडातून गळणारी विकरं, विशेषतः इलास्टेज, शेजारच्या धमनीची भिंत खातात. तिथे स्यूडोअ‍ॅन्युरिझम, म्हणजे धमनीला आलेला खोटा फुगा तयार होतो. बहुतेकदा प्लीहेच्या धमनीला, त्याखालोखाल स्वादुपिंडाच्या डोक्याजवळच्या गॅस्ट्रोड्युओडेनल आणि पॅनक्रियाटिकोड्युओडेनल धमन्यांना. तो आधी थोडासा गळतो, गुठळीनं भोक बुजतं आणि काही तासांनी किंवा दिवसांनी ती गुठळी सुटते. संध्याकाळचं ते लाल पाणी ही पूर्वसूचना असते. हिमोग्लोबिनवर तेव्हा भिस्त ठेवू नका. रक्त जातं तेव्हा पेशी आणि प्लाझ्मा दोन्ही एकत्रच जातात, त्यामुळे पहिले काही तास आकडा जागचा हलत नाही. नाडी आधी बोलते.

माझा नियम साधा आहे: ड्रेन, उलटी किंवा शौच, कुठूनही रक्त दिसलं, कितीही कमी असलं, तरी त्याच वेळी सीटी अँजिओग्राफी (धमन्या दाखवणारा सीटी). तोवर शिरेत दोन जाड सुया, रक्ताची जुळणी आणि इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टला (धमनीतून बारीक नळी नेऊन रक्तस्राव थांबवणाऱ्या डॉक्टरला) फोन. ड्रेनमधून ताजं रक्त वाहत असेल तर नळीला क्लॅम्प लावा म्हणजे आतल्या दाबाचा थोडा आधार मिळतो. घाबरून ती उपसून काढू नका. आणि ट्रॅनेक्झॅमिक आम्ल (गुठळी टिकवणारं औषध) देऊन सकाळची वाट पाहणं म्हणजे उपचार नव्हे.

सीटी मागवतानाही घोळ होतो. नुसतं 'पोटाचा कॉन्ट्रास्ट सीटी' (शिरेतून रंगद्रव्य टोचून काढलेला) लिहिलं की साधारण ७० सेकंदांचा शिरांचा टप्पा तेवढा मिळतो आणि लहान फुगा त्यात हरवतो. कॉन्ट्रास्टविना, धमनीचा आणि शिरांचा असे तिन्ही टप्पे मागा, काप पातळ हवेत. तोंडावाटे पांढरं दिसणारं कॉन्ट्रास्ट अजिबात देऊ नका, आतड्यात झिरपणारं रक्त त्याखाली झाकलं जातं. फुगा प्रत्येक टप्प्यात महाधमनीइतकाच उजळतो. वाहतं रक्त मात्र पुढच्या टप्प्यात पसरलेलं दिसतं. रुग्ण रक्त गमावत असताना क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचं माप) वाढलंय म्हणून सीटी अडवू नये.

काळी शौच, एंडोस्कोपी स्वच्छ, निदान 'गॅस्ट्रायटिस' (जठराची सूज), रुग्ण घरी. ही चूक तर फारच होते. फुगा स्वादुपिंडाच्या नलिकेत फुटला की रक्त अँपुलातून (ती नलिका आतड्यात उघडते त्या तोंडातून) अधूनमधून येतं. समोर बघणाऱ्या दुर्बिणीला तो भाग नीट दिसत नाही आणि त्या क्षणी रक्त थांबलेलंही असू शकतं. पोटाच्या वरच्या भागात कळ चढते आणि रक्त बाहेर पडलं की उतरते, हे रुग्णाला मुद्दाम विचारा.

आता सर्वांत महागात पडणारी चूक: एकाच बाजूनं कॉइल (धमनीतून नेलेल्या बारीक नळीतून, म्हणजे कॅथेटरमधून, धमनी बुजवायला सोडलेली धातूची वेटोळी तार) टाकून समाधान मानणं. फुग्याच्या अलीकडे धमनी बंद केली, चित्र सुंदर दिसलं, केस संपली! पण प्लीहेच्या धमनीत जठराकडच्या शॉर्ट गॅस्ट्रिक आणि गॅस्ट्रोएपिप्लोइक वाटांनी रक्त उलटं येतं आणि गॅस्ट्रोड्युओडेनलमध्ये ते सुपीरियर मेसेंटेरिक (आतड्यांना रक्त देणाऱ्या) धमनीकडून येतं. फुगा मागच्या दारानं पुन्हा भरतो, आणि पुढचं दार तुम्हीच बंद केलेलं असल्यामुळे आता तिथवर कॅथेटर पोहोचत नाही. म्हणून मायक्रोकॅथेटर आधी फुग्याच्या तोंडापलीकडे न्या, तिथे कॉइल टाका, मग तोंडावरून मागे येत अलीकडे बंद करा. कॉइलचा व्यास धमनीपेक्षा साधारण २०-३० टक्के जास्त ठेवा. लहान असली तर वाहून जाते, फार मोठी असली तर गुंडाळत नाही, मागे मुख्य धमनीत डोकावते. शेवटी सीलिअ‍ॅक (जठर, यकृत आणि प्लीहेला रक्त देणारी) आणि सुपीरियर मेसेंटेरिक, दोन्हींत रंग सोडून पाहा. हे दोन मिनिटांचं काम घाईत गाळलं जातं.

पलीकडे जाताच येत नसेल तर ग्लू (धमनीत घट्ट होणारा वैद्यकीय डिंक). त्याआधी कॅथेटर ५ टक्के डेक्स्ट्रोजनं धुवा, सलाइननं नाही, नाहीतर ग्लू कॅथेटरमध्येच घट्ट होतो. फक्त फुगाच कॉइलनं भरू नका. त्याला धमनीची खरी भिंत नसते, तो फुटू शकतो. शिवाय कॉइलभोवती रक्त गोठवायचं काम रुग्णाच्या शरीराचं असतं. प्लेटलेट ५०,००० च्या वर, आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप) १.५ च्या खाली, कॅल्शियम आणि शरीराचं तापमान जागेवर, ही तयारी कॅथेटर चालू असतानाच व्हायला हवी.

आणखी काही, थोडक्यात. फुगा लहान आहे म्हणून थांबू नका, आकारावरून फुटण्याचा अंदाज येत नाही. स्यूडोसिस्टमध्ये (स्वादुपिंडाशेजारी साठलेल्या द्रवाच्या पोकळीत) सुई घालण्याआधी त्यात धमनीचा फुगा नाही, हे सीटीवर पाहा. प्लीहेच्या शिरेत गुठळी दिसली तर रक्त पातळ करणारं औषध सुरू करण्याआधीही तेच. त्या गुठळीमुळे जठरात फुगलेल्या शिरांचा रक्तस्राव वेगळा, त्याचा उपचारही वेगळा. स्यूडोसिस्टमध्ये निचऱ्यासाठी घातलेला धातूचा स्टेंट (आधाराची नळी) ३-४ आठवड्यांपुढे विसरू नका, पोकळी आकसली की त्याची कड धमनीला घासते. कॅथेटरनं केलेला अँजिओग्राम (धमनीत रंग सोडून काढलेलं चित्र) स्वच्छ आला तर धमनी आकुंचन पावलेली किंवा गुठळीनं बुजलेली असू शकते. सीटीत दिसलेल्या जागेपाशी निवडक कॅथेटर नेऊन पुन्हा पाहा.

प्लीहेची धमनी बंद केल्यावर डाव्या बरगडीखाली दुखणं आणि थोडा ताप येतो, बहुतेकदा प्लीहेचा एखादा तुकडाच मृत झालेला असतो. ताप चढतच राहिला आणि पांढऱ्या पेशी वाढत गेल्या तर तिथे गळू (पू साठणं) झालंय का ते शोधा. तक्रार नसली तरी आठवड्याभरात एक सीटी अँजिओग्राफी पुन्हा करून घ्यावी, कारण विकरं अजून तिथेच गळत असतात आणि दुसरा फुगा शेजारच्याच धमनीला येऊ शकतो.