नव्या प्रेमकथाकाराला घडवताना: विदर्भातल्या मार्गदर्शकांसाठी

बंजारा तांड्यावरची, कोलाम आदिवासींच्या पोडावरची (वस्तीवरची) किंवा बौद्ध वस्तीतली पोरगी प्रेमकथा लिहायला बसली की पहिला सल्ला ठरलेला असतो: "तुमच्या समाजाचं दुःख लिही." मार्गदर्शकानं तो पुन्हा द्यायचा नाही. दुःख मागणारे संपादक आहेतच. तिला दोन माणसांची एकमेकांकडची ओढ लिहायची आहे, आणि या प्रकारात वाचकाला दिलेला शब्द एकच: शेवटी दोघं एकत्र असतील, निदान तशी वाट मोकळी असेल. जातीपायी खून होऊन संपणारी गोष्ट लिहावी जरूर, पण ती प्रेमकथा म्हणून नाही. हे पहिल्याच भेटीत बोलून घ्या, नाहीतर तिसऱ्या खर्ड्यात नायिका विहिरीत उडी घेते.

एका मार्गदर्शकानं एका वेळी दोघांनाच घ्यावं. वेळापत्रक शेतीच्या कामांवरून आखावं. वऱ्हाडात कापसाची वेचणी चालू असताना आणि झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, धानाच्या रोवणीत कुणाकडूनही पानं मागू नयेत. कापूस पट्ट्यात फेब्रुवारी ते मे बरा. गडचिरोली-गोंदियाकडे मात्र मार्चपासून मोहफूल आणि मग तेंदूपत्ता सुरू होतो, म्हणून तिथं मळणी उरकल्यावर लगेच बसावं. बहुतेक दिवाळी अंकांना मजकूर पावसाळ्यातच लागतो, त्यामुळे जूनपर्यंत हातात पक्की गोष्ट असेल असं मागून मोजत यावं.

फोन कुणाचा आहे, हे आधी विचारा. घरात एकच स्मार्टफोन आणि तो भावाच्या खिशात असेल, तर व्हॉट्सॲपवर "चुंबनाचा प्रसंग अजून खुलव" असा निरोप टाकणं म्हणजे तिचं लिखाण बंद पाडणं. अशा वेळी शंभर पानी वही बरी: उजव्या पानावर गोष्ट, डावं पान शेऱ्यांसाठी कोरं. वह्यांची देवाणघेवाण आठवडी बाजाराच्या दिवशी, कारण त्या दिवशी घराबाहेर पडायला वेगळं निमित्त लागत नाही. टोपणनाव हवं असेल तर पहिली गोष्ट छापायच्या आधीच ठरवा. मानधन खऱ्या नावाच्या खात्यावर येतं, म्हणून संपादकाला खरं नाव कळवावं लागतं. ते छापू नये, असं त्याच पत्रात स्पष्ट लिहावं.

पहिली गोष्ट अडीच हजार शब्दांची, कादंबरी नाही. सहा प्रसंग पुरतात. लिहायला घेण्याआधी दोन्ही पात्रांवर एकेक पान लिहून घ्या, आणि त्यात एक प्रश्न असावाच: प्रेम सोडून याला काय हवंय? डी.एड.ची जागा, स्वतःची शिलाई मशीन, बापाचं कर्ज फेडणं, काहीही चालेल. हे नसलं की पात्रं फक्त एकमेकांकडे बघत बसतात.

पहिल्या खर्ड्यात हमखास असं वाक्य येतं: "ती खूप सुंदर होती आणि तो तिच्या प्रेमात पडला." त्याखाली रेघ मारून "कमकुवत" लिहू नका. डाव्या पानावर तीन प्रश्न लिहा: कुठं पाहिलं? तिच्या हातात काय होतं? आणखी कोण बघत होतं? उत्तरं आली की वाक्य असं होतं:

"गाठोडं काट्याला लागलं. त्यानं बावीस किलो म्हणून पुकारलं. तिनं आकडा पाहिला. 'साडेएकवीस हाय,' ती म्हणाली, 'फुकटचं नको लिहू.' मागं रांगेत उभ्या बाया हसल्या."

आता चौथा प्रश्न विचारायचा. काट्यावरचा हा पोरगा मालकाचा मुलगा आहे का? असेल तर तिची मजुरी त्याच्या हातात आहे, आणि मजुरी अडकलेली असताना दिलेला होकार खरा वाटत नाही. तो वजन मांडणारा दुसरा मजूर केला, किंवा हंगाम संपून हिशेब चुकता झाल्यावर त्यानं विचारलं, तर प्रसंग सावरतो. नव्या प्रेमकथा सर्वांत जास्त इथंच फसतात. पाठलागाला प्रेम समजण्याची सिनेमाची सवयही इथंच मोडावी लागते.

एका खर्ड्यावर तीनच शेरे. शुद्धलेखन शेवटच्या खर्ड्यापर्यंत बघूच नका. निवेदन प्रमाण मराठीत की वऱ्हाडीत, हे लिहिणारीनं ठरवायचं, पण एकदा ठरलं की बदलायचं नाही. संवाद घरात बोलतात तसेच राहू द्या. गोंडी किंवा गोरमाटी (बंजारा बोली) वाक्याचा अर्थ पुढच्या पात्राच्या उत्तरातून कळला पाहिजे, तळटीप नको. संवाद हातानं टाईप करायला सांगा. बोलून टाईप केलं की फोन "मले", "तुले" आपल्याच मनानं बदलतो.

आंतरजातीय किंवा आंतरधर्मीय लग्न दाखवायचं असेल तर कायदा पक्का हवा. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात मुलगी १८ आणि मुलगा २१ वर्षांचा लागतो, नोटीस द्यावी लागते, ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात लागते आणि हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. नंतर सहीला तीन साक्षीदार. सकाळी पळून दुपारी नोंदणी हे या कायद्यात होत नाही. उलट त्या ३० दिवसांत बातमी गावात पोचेल का, यावर निम्मी गोष्ट उभी राहते. तिसरा साक्षीदार कोण, हा प्रश्नही चांगला प्रसंग देऊन जातो.

छापायला देताना हक्क लेखी ठरवा. लेखनाचा हक्क नोंदणीशिवायही लेखिकेचाच असतो. तो दुसऱ्याला देताना लेखी करार आणि सही लागते, आणि करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो. "सर्व हक्क कायमचे" असं लिहिलेल्या कागदावर सही करू देऊ नका. मार्गदर्शकानं स्वतःचं नाव सहलेखक म्हणून घालायचं नाही, कितीही वाक्यं सुचवलेली असोत. वहीची झेरॉक्स तिच्याकडे राहील हे बघा, आणि दुसरी गोष्ट पूर्ण झाल्याशिवाय वाचायला मागू नका.