बेकरीतली खूनकथा: वेळेचा पुरावा पिठात ठेवा

कोझी मिस्टरीत रक्तपात पानाबाहेर राहतो आणि तपास हौशी माणूस करतो. ही हौशी शोधक बेकरी चालवत असेल, तर कोडं तिच्या हाताच्या ज्ञानानेच सुटायला हवं. बेकरीच्या जागी फुलांचं दुकान ठेवूनही कथा तशीच चालत असेल, तर पाया कच्चा आहे.

आधी उकल ठरवा, मग उलट लिहीत या. बेकरीतला उत्तम साक्षीदार म्हणजे मळलेलं पीठ. १ किलो मैदा, ६५० ग्रॅम पाणी, २० ग्रॅम मीठ आणि १० ग्रॅम इन्स्टंट यीस्ट घेतलं, तर २६ अंशांच्या खोलीत ते साधारण तास-दीड तासात दुप्पट फुगतं. ४ अंशांच्या फ्रिजमध्ये हेच फुगणं रात्रभर लांबवता येतं. खोटी ॲलिबाय, म्हणजे 'गुन्ह्याच्या वेळी मी दुसरीकडे होतो' हा बनावट दावा, नेमकी या फरकात बसते.

समजा खून पहाटे पाचच्या सुमारास झाला. मदतनीस म्हणतो, "पाच ते साडेपाच मी पीठ मळत होतो." टेबलावर सहा किलोचा गोळा आहेच, त्यामुळे सगळे विश्वास ठेवतात. खरं तर ते पीठ रात्रीच मळून फ्रिजमध्ये ठेवलेलं होतं आणि पाचला फक्त बाहेर काढलं. सहाला नायिका गोळा तोडते, तर वरून मऊ आणि आतून गारठलेला. एवढा मोठा गोळा तासाभरात आतपर्यंत उबदार होत नाही. शिवाय आत मोठे बुडबुडे आणि आंबूस वास. अर्ध्या तासापूर्वी मळलेल्या पिठात हे दोन्ही नसतं.

आता पळवाटा बुजवा, कारण बेकिंग जाणणारा वाचक लगेच विचारेल: त्याने बर्फाचं पाणी वापरलं असेल तर? म्हणून कथा हिवाळ्यात घडवा आणि त्या बेकरीत थंडीत कोमट पाणीच घेतात, हे आधी एकदा दाखवून ठेवा.

हे ज्ञान वाचकाला उकलीच्या पानावर प्रथमच मिळालं तर त्याला फसवल्यासारखं वाटतं, आणि ते रास्तच आहे. दुसऱ्याच प्रकरणात नवशिक्याला कोणीतरी रागवू दे: "फ्रिजमधलं पीठ दोन तास आधी बाहेर काढायचं, आतून गार राहतं!" हे वाक्य भांडणाच्या मध्ये टाका, म्हणजे वाचकाचं लक्ष भांडणावर राहील. गोळा तोडतानाचा गारवाही एका ओळीत उरका आणि लगेच दारावर कोणालातरी आणा.

विष पावात घालू नका. एका भट्टीतले पाव अनेकांकडे जातात, खुन्याला नेम साधता येत नाही. विष हवंच असेल तर एकाच माणसाच्या मागणीवरून केलेला केक घ्या.

संशयित चार-पाच पुरेत, पण प्रत्येकाला पहाटे तिथे असायला कामाचं कारण द्या: मैदा पोचवणारा, भट्टी दुरुस्त करणारी, हिशेब बघणारा भागीदार. ७०,००० शब्दांच्या कादंबरीत मृतदेह पहिल्या ७,००० शब्दांत सापडू द्या.

शेवटी नायिकेला भाषण देऊ नका. तितक्याच वजनाचा गोळा रात्री फ्रिजमध्ये ठेवून, तासभर बाहेर काढून तिने तो सर्वांसमोर तोडावा आणि मदतनिसाला आत बोट घालायला सांगावं.