तिलापियाच्या खाद्यात तेल किती?

पोतं घेताना सगळे प्रोटीन बघतात, फॅटचा आकडा कुणी वाचत नाही. आमच्या शेततळ्यातल्या तिलापियाला मी 5 ते 6 टक्के फॅटचंच खाद्य घालतो. तेवढं तेल असलं की मासा ताकद त्यातून घेतो, महागाचं प्रोटीन अंगाला लागतं. फार तेलकट खाद्याने काट्यावर वजन दिसतं, पण ते पोटात साठतं आणि साफ करताना फेकलं जातं.

म्हणून अधूनमधून एक मासा चिरून बघाच. आतड्याभोवती पांढऱ्या चरबीचा जाड थर, कलेजी फिकट पिवळी दिसली तर खाद्य कमी करा.

पावसाळ्यात पोती फळीवर ठेवा, उघडलेलं पोतं हुंगा. खवट वास आला तर तळ्यात मूठभरही टाकू नका.