औषधं आणि मेडिकल मशीन घेऊन विमानाने जायचंय? मग भरायचं कसं ते बघा

आमच्याकडे विमानप्रवास म्हणजे आईचं इन्सुलिन, बाबांचं सीपॅप मशीन (झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून हवा देणारं, ते स्वतः त्याला घोरण्याचा डबा म्हणतात) आणि बीपी-थायरॉइडच्या गोळ्यांची एक अख्खी पिशवी. मुंबईहून दुबईमार्गे अमेरिकेत न्यू जर्सीतलं नेवार्क, भावाकडे, असं आता तीनदा झालं. पहिल्या वेळी मी सगळी औषधं अगदी शहाण्यासारखी केबिन बॅगेत भरली होती आणि गेटवर सांगितलं की वर जागा नाही, ही बॅग खाली जाईल. झालं, बोर्डिंगच्या रांगेत फरशीवर बॅग उघडून मी इन्सुलिन शोधतेय, मागचे लोक च्यक च्यक करतायत, आणि आई म्हणतेय "अगं राहू दे, जाऊ दे खाली." जाऊ द्यायचं नसतं. सामानाच्या कप्प्यात इन्सुलिन गोठू शकतं, आणि एकदा गोठलं की वितळल्यावर दिसायला ठीक दिसलं तरी त्याचा भरवसा नाही, फेकूनच द्यायचं. शिवाय बॅग दुसऱ्याच गावाला गेली तर?

म्हणून पहिला नियम: औषधांची पिशवी वेगळी, खांद्याला अडकवायची, सीटखाली मावणारी. ती केबिन बॅगेच्या आत ठेवायची नाही.

महिनाभर आधी: कागद

डॉक्टरांकडून लेटरहेडवर टाइप केलेलं पत्र घ्या. हाताने लिहिलेलं आपल्या केमिस्टलाच वाचता येतं, तिकडच्या ऑफिसरला नाही. त्यात आजार, औषधाचं जेनेरिक नाव (ब्रँडचं नाही, आतल्या औषधाचं मूळ नाव), डोस, आणि सुया-मशीन लागतं असं स्पष्ट हवं. जेनेरिक नावावर मी एवढा जोर देतेय कारण आपली ब्रँडची नावं बाहेर कुणाला कळत नाहीत, साधी क्रोसिनसुद्धा, आणि अमेरिकेत तर पॅरासिटामॉललाही अॅसिटामिनोफेन म्हणतात. पासपोर्टवर आहे तसंच नाव पत्रावर आणि बिलावर असू दे.

आणि केमिस्टला आधीच सांगायचं, दादा पट्टी कापू नका. आपल्याकडे सहा गोळ्या मागितल्या की कात्रीने सहा कापून देतात आणि नाव, एक्स्पायरी नेमकी उरलेल्या तुकड्यावर राहते. पूर्ण पट्ट्या आणि पक्कं बिल घ्या. सोमवार-मंगळवारवाला गोळ्यांचा डबा रिकामाच न्या, पोचल्यावर भरा.

मग देशाचे नियम. अमेरिकेत स्वतःपुरतं साधारण ९० दिवसांचं औषध चालतं. यूएईत (दुबई त्यातच) मात्र जपून: ट्रामाडॉल, कोडीन, प्रीगाबालिन, झोपेसाठी आपल्याकडे सर्रास लिहून देतात ती अल्प्राझोलाम, हे सगळं तिथे नियंत्रित यादीत येतं, त्यांच्या सरकारी साइटवर आधी परवानगी काढावी लागते. दुबईत दोन दिवस मावशीकडे उतरू असा प्लॅन असेल तर हे तुम्हालाही लागू. (औषध नाही, पण सांगते, खसखसही तिथे बंद आहे, त्यामुळे दिवाळीचे अनारसे मावशीसाठी नेऊ नका.) जपानला जाणाऱ्यांनी सर्दीच्या गोळ्यासुद्धा तपासाव्यात, त्यात स्यूडोएफेड्रिन (चोंदलेलं नाक मोकळं करणारं औषध) १० टक्क्यांहून जास्त असेल तर तिथे चालत नाही. आणि घरचं चूर्ण कागदाच्या पुडीत बांधून नेणं बंद करा, सीलबंद लेबलवाली डबी घ्या.

आठवडाभर आधी: एअरलाइनला फोन

ऑक्सिजन, व्हेंटिलेटर, स्ट्रेचर, नुकतंच झालेलं ऑपरेशन, असं काही असेल तर एअरलाइन मेडिफ नावाचा फॉर्म डॉक्टरांकडून भरून मागते. किमान ४८ तास आधी कळवायचं, पण मी म्हणते आठवडाभर आधीच करा. घरचा ऑक्सिजन सिलिंडर विमानात नेता येईल असं गृहीत धरू नका, बहुतेक ठिकाणी नाहीच. पोर्टेबल कॉन्सन्ट्रेटर (हवेतूनच ऑक्सिजन काढून देणारं छोटं मशीन) चालतो पण मॉडेल त्यांच्या यादीत हवं, आणि बॅटरी साधारण फ्लाइटच्या दीडपट वेळ पुरेल एवढी मागतात.

व्हीलचेअर बुक करताना जिना चढता येतो का हे खरं सांगा. बाबांनी मोठेपणा करून "येतो की" सांगितलं आणि एका विमानतळावर विमान लांब उभं होतं, बसने नेलं आणि समोर उभा जिना.

बॅटऱ्यांचं गणित सोपं आहे, व्होल्ट गुणिले अॅम्पिअर-अवर. १४.४ व्होल्ट आणि ६.८ अॅम्पिअर-अवर असेल तर साधारण ९८ वॉट-अवर. १०० पर्यंत सरळ चालतं, १०० ते १६० ला एअरलाइनची परवानगी आणि जास्तीच्या दोनच, त्यावर नाही. जास्तीच्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक कायम केबिनमध्ये, टोकांना चिकटपट्टी लावून. पाऱ्याचं बीपी मशीन असेल तर ते घरीच राहू दे, डिजिटल न्या.

इन्सुलिन: हे नीट वाचा

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं. चालू असलेलं पेन (आत इन्सुलिन भरलेलं, पेनासारखं इंजेक्शन) बाहेर राहिलं तरी चालतं, बरीचशी इन्सुलिन ३० अंशांखाली साधारण चार आठवडे टिकतात, नक्की आकडा खोक्यातल्या कागदावर असतो. बर्फाचा पॅक इन्सुलिनला टेकवायचा नाही, मध्ये पंचा गुंडाळा. पाण्यात भिजवून वापरायचे कूलिंग पाउच मिळतात ते मला जास्त आवडले, आपल्या माठाचंच तत्त्व, पाणी उडतं आणि गारवा राहतो, फक्त त्याला हवा लागते, डब्यात कोंबलं तर काम करत नाही. एअर होस्टेसला फ्रीजमध्ये ठेवायला देऊ नका, उतरायच्या गडबडीत राहून जातं.

आता खरी भीतीची गोष्ट. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक वेळा ४० युनिटचं असतं, म्हणजे एका मिलीत ४० युनिट, आणि त्याची सिरिंज लाल टोपीची. अमेरिकेत १०० युनिटचं, सिरिंज नारिंगी टोपीची. समजा सिरिंज संपल्या म्हणून तिकडच्या आणल्या आणि आपली बाटली वापरली, तर २० च्या रेघेपर्यंत भरून प्रत्यक्षात फक्त ८ युनिट जातात. उलट केलं, तिकडची बाटली आणि आपली लाल टोपीची सिरिंज, तर २० ऐवजी ५० युनिट, म्हणजे अडीचपट, साखर धाडकन खाली आणि माणूस बेशुद्ध. तेव्हा बाटलीवाल्यांनी सिरिंज पूर्ण मुक्कामाच्या आणि वर थोड्या जास्तीच्या इथूनच न्याव्यात, नाहीतर डॉक्टरांना विचारून वेळेत पेनवर यावं. आई दुसऱ्या खेपेपासून पेनवर आली, आधी कुरकुर केली, आता बाटलीचं नाव काढत नाही.

सिक्युरिटी

१०० मिलीची मर्यादा औषधांना नाही, पण ते तुम्ही आधी सांगायचं, त्यांनी शोधायची वाट बघायची नाही. पिशवी ट्रेमध्ये वेगळी ठेवायची, "इन्सुलिन आहे, सुया आहेत, हे पत्र" एवढं पुरतं. अमेरिकेत जेल पॅक अर्धवट वितळलेला असला तरी औषधासाठी म्हणून चालतो. सीपॅप त्याच्या बॅगेतून बाहेर काढावं लागतं, मास्क आणि नळी आत राहिली तरी चालतं. जिथे शंभर जणांचे बूट ठेवून झालेत त्या ट्रेमध्ये ते नुसतं ठेवायचं नसेल तर पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी जवळ असू द्या. सीपॅपची पाण्याची टाकी आदल्या रात्रीच रिकामी करून सुकवा. अमेरिकेला जाणाऱ्या-येणाऱ्या फ्लाइटवर हे मशीन केबिन बॅगेच्या मोजणीत धरता येत नाही, तिथला नियमच आहे, त्यामुळे काउंटरवर कोणी बोललं तर शांतपणे सांगायचं.

पेसमेकरवाल्यांनी कार्ड दाखवावं आणि हातातला डिटेक्टर छातीवर धरू नका म्हणावं. इन्सुलिन पंप किंवा दंडावरचा साखर मोजायचा सेन्सर असेल तर स्कॅनरबद्दल कंपनीचा कागद काय म्हणतो ते घरीच वाचा, नको असेल तर हाताने तपासणी मागता येते. आणि दुबईत ट्रान्झिटला परत सगळं तपासतात, पिशवी तळाशी गाडू नका.

विमानात

केबिनमधली हवा साधारण ६,००० ते ८,००० फुटांवर असते तशी ठेवलेली असते. कळसूबाई ५,४०० फूट, म्हणजे तुम्ही शिखराच्याही वर बसलेले असता. धडधाकट माणसाला कळत नाही, पण फुप्फुसाचा जुना आजार असेल तर तिकिटाआधी डॉक्टरांना विचारा.

इन्सुलिन जेवणाची घोषणा झाल्यावर नाही, ट्रे समोर आल्यावर घ्यायचं, मध्येच विमान हलायला लागलं तर जेवण अर्धा तास थांबतं. खिशात ग्लुकोजच्या गोळ्या किंवा साखर हवीच. न्यू जर्सी उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, त्यामुळे तो दिवस लांबतो आणि रात्रीचा डोस कधी हा प्रश्न येतो. डॉक्टरांकडून दोन्ही घड्याळांच्या वेळा लिहून घ्या, स्वतः गणित करत बसू नका. वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत, सीटच्या खिशात नाही.

पोचल्यावर

सीपॅपच्या अडॅप्टरवर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर फक्त पिनेचा कनेक्टर लागतो. नेब्युलायझरचं (औषधाची वाफ करून देणारं मशीन) तसं नाही, आपल्याकडचे बरेचसे फक्त २३० व्होल्टचे असतात आणि अमेरिकेत ११०-१२० येतं, मशीन चालू होऊन नुसतं गुरगुरतं. तिकडचं घ्या किंवा ड्युअल व्होल्टेजवालं इथूनच.

इन्सुलिन फ्रीजच्या मागच्या भिंतीला टेकवू नका, तिथे गोठतं, दारात ठेवा. आणि परत निघताना ते हमखास फ्रीजमध्येच राहतं. बाबा आता पासपोर्टांना रबरबँड लावतात आणि त्यात चिठ्ठी, नुसतं लिहिलेलं असतं, "फ्रीज."