जुन्या हायब्रिड सायकलला सुटे भाग बसवताना या चुका टाळा

जुन्या हायब्रिडची (रोड आणि माउंटन सायकलींच्या मधल्या प्रकारची) फ्रेम बहुधा ठणठणीत असते. अडते ते मापांवर. एक भाग बदलला की त्याला जोडलेल्या आणखी दोन भागांशी त्याचे जमावे लागते, म्हणून आधी मोजा, मग भाग घ्या.

सर्वांत जास्त फसगत मागच्या चाकात होते. ७ गिअरच्या जुन्या सायकलीत अनेकदा फ्रीव्हील असते, म्हणजे दातेरी चक्रांचा आख्खा गठ्ठा हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) आट्यांवर फिरवून बसवलेला. चक्रांचा दुसरा प्रकार, कॅसेट, मात्र हबवरच्या खाचांवर सरकते आणि लॉकरिंगने (आट्यांच्या कड्याने) आवळली जाते. ओळखायचे कसे? चाक काढून चक्रे उलटी फिरवा. मधली पाना बसायची खाच चक्रांबरोबर फिरली तर कॅसेट, स्थिर राहिली तर फ्रीव्हील. फ्रीव्हीलच्या हबवर कॅसेट बसत नाही, ठोकाठोक करून तर नाहीच. शिमानोच्या ८, ९ किंवा १० गिअरच्या हबवर ७ ची कॅसेट ४.५ मिमीचा स्पेसर (जागा भरणारे कडे) घालून बसवता येते. ७ च्या आखूड हबवर ८ ची कॅसेट मात्र मावत नाही.

चाकच बदलणार असाल तर फ्रेमच्या मागच्या दोन टोकांमधले, म्हणजे चाकाचा आस बसतो तिथले, आतले अंतर मोजा. हायब्रिडमध्ये ते सहसा १३५ मिमी, काहींत १३० आणि फार जुन्या सायकलींत १२६ असते. अॅल्युमिनियमची फ्रेम फाकवून चाक घुसवू नका, तडा जातो.

नवी चेन बसवली आणि पेडलवर जोर देताच ती दातांवरून उडी मारू लागली, तर दोष नव्या चेनचा नसतो. जुन्या चेनच्या पिना झिजून तिची लांबी वाढते आणि ती दातही स्वतःच्या मापाने कोरत जाते. पिनेच्या मध्यापासून मोजल्यास १२ इंचांत १२ पूर्ण जोड बसायला हवेत. दीड मिमी जास्त भरले की चेन बदला. ३ मिमी जास्त भरले तर कॅसेटही गेलीच समजा. ६, ७ आणि ८ गिअरना एकच चेन चालते, ९ ला अरुंद चेन लागते. लांबी ठरवताना चेन पुढच्या-मागच्या सर्वांत मोठ्या चक्रांवरून, डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) वगळून, ओढून धरा आणि त्यावर एक इंच जास्त ठेवा. आखूड चेन मोठ्या-मोठ्या गिअरवर डिरेलरच उपटून काढते.

ब्रेकमध्ये हयगय नको. व्ही-ब्रेकला (रिमच्या दोन बाजूंना लांब उभे हात असलेल्या ब्रेकला) जास्त केबल ओढणारा लिव्हर लागतो. रोड सायकलचा लिव्हर जोडला तर तो हँडलला टेकतो, तरी ब्रेक पुरता लागत नाही. व्ही-ब्रेकचा लिव्हर कँटिलिव्हरला (आखूड हातांच्या जुन्या पद्धतीच्या रिम ब्रेकला) लावला तर लिव्हर दगडासारखा कडक लागतो आणि पकड कमी मिळते. गिअरचे आउटर (केबलवरचे बाहेरचे आवरण) ब्रेकला कधीही वापरू नका: त्यातल्या तारा लांबीच्या दिशेने सरळ असतात आणि जोराने ब्रेक दाबल्यावर ते फुटू शकते.

डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. इंग्लिश आट्यांच्या बॉटम ब्रॅकेटमध्ये (पेडलचे दांडे जिथे फिरतात त्या बेअरिंगमध्ये) उजव्या बाजूचे आटे उलटे असतात. सुरुवातीला पाना न लावता हातानेच फिरवा, सहज जात नसेल तर थांबा. सीटपोस्टच्या (सीटखालच्या दांड्याच्या) जाडीत ०.२ मिमीचाही फरक चालत नाही, जुन्यावर कोरलेला आकडा वाचा. टायर घेताना '२८ इंच' या शब्दावर जाऊ नका, बाजूवर ६२२ (टायर रिमवर बसतो तिथला मिमीतला व्यास) आहे का ते पाहा.

ब्रेकची केबल बदलल्यावर रस्त्यावर उतरण्याआधी लिव्हर पूर्ण ताकदीने दहा वेळा दाबा. केबल कुठे सरकत असेल तर तिथेच कळेल.