ब्रिटनमधील छोट्या बांधकाम कंपनीने उपकंत्राटदारांचे पैसे कसे द्यावेत
ब्रिटनमध्ये बांधकामाची छोटी लिमिटेड कंपनी चालवणाऱ्याने पहिले पैसे देण्यापूर्वी एचएमआरसीकडे (ब्रिटनच्या कर खात्याकडे) कंत्राटदार म्हणून नोंदणी करून प्रत्येक उपकंत्राटदाराची पडताळणी करावी, कारण त्याच्या पैशांतून करापोटी करायच्या कपातीचा दर तिथूनच कळतो: नोंदणी असलेल्यास २० टक्के, नसलेल्यास ३० टक्के, आणि पूर्ण रक्कम घेण्याची मान्यता असलेल्यास शून्य. उपकंत्राटदाराने स्वतः आणलेल्या साहित्यावर कपात होत नाही. १,००० पौंडांच्या बिलात असे साहित्य ४०० पौंडांचे असेल, तर २० टक्के दराने उरलेल्या ६०० पौंडांवर १२० पौंड कापून ८८० पौंड द्यावेत. व्हॅट या हिशेबाबाहेर ठेवावा. कापलेली रक्कम उपकंत्राटदाराच्याच कराच्या खात्यात धरली जाते, म्हणून करमहिना (६ तारखेपासून पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंतचा) संपल्यापासून १४ दिवसांत कपातीचे लेखी विवरण त्याच्या हाती पडलेच पाहिजे. यात चालढकल करणे मला सरळ अन्याय वाटतो. एचएमआरसीकडे द्यायचे मासिक विवरणपत्र १९ तारखेपर्यंत भरावे.