मॉरिशसमध्ये राहून पुण्याची नोकरी: प्रीमियम व्हिसाची तयारी

कंपनी भारतातली, घर समुद्राकाठी. मॉरिशसच्या प्रीमियम व्हिसावर हे शक्य आहे. २०२० साली सुरू झालेला हा व्हिसा वर्षभराचा असतो, पुढे वाढवता येतो. अट मुख्य एकच: कमाई मॉरिशसबाहेरची हवी आणि महिन्याला किमान १,५०० डॉलर. तिथल्या कंपनीत नोकरी चालत नाही.

अर्ज ऑनलाइन. पासपोर्ट, फोटो, परतीचं तिकीट, आरोग्य आणि प्रवास विमा, राहण्याचा पत्ता ही कागदपत्रं सरळ आहेत. खरी मेहनत उत्पन्नाच्या पुराव्यावर घ्या. मी नुसत्या पगाराच्या स्लिपा न जोडता बँकेचं स्टेटमेंट आणि ‘परदेशातून काम करायला आमची हरकत नाही’ असं कंपनीचं पत्रही जोडलं. हे पत्र आधी मागाच, एचआरला वेळ लागतो.

करांचं गणित निघण्यापूर्वीच सीएसोबत मांडा. वर्षात १८३ दिवस राहिलात की तिथले कर-रहिवासी ठरता.

घर मी पश्चिमेला, फ्लिक-आं-फ्लाकला घेतलं. पूर्व किनाऱ्यावर हिवाळ्यात वारा फार. त्यांचा हिवाळा म्हणजे आपले जून ते सप्टेंबर, बरं का. चक्रीवादळं साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, म्हणून पॉवर बँक भरलेली ठेवा. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, त्यामुळे दहाची मीटिंग साडेआठला.

आणि गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेली मराठी घरं आहेत, दर्शनाला जरूर जा.